मदत हवी आहे: जुन्या रोल्स-रॉइसचे टायर कसे तपासायचे? (तातडीचं)

सांगली_गॅरेज: मालकांना रविवारी गाडी रॅलीत न्यायचीच आहे. टायरची ग्रिप पूर्ण आहे, पण गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. रबर जिवंत आहे की मेलंय, कसं ओळखायचं? पाण्याच्या होजचंही सांगा. लवकर.

घाटवळण: गाडी कुठल्या सालची? टायरचं माप? त्यावर तारीख?

सांगली_गॅरेज: १९१४, सिल्व्हर घोस्ट. ८९५ × १३५. शेवटी १४०९ असं आहे.

रबरवाला: म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. ग्रिप बघून काय कळणार? हे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. शोअर ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र) लावा. नव्या ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थराला) साधारण ६० ते ७० येतात. ८० च्या वर गेले तर मी तो टायर रस्त्यावर नेणार नाही.

घाटवळण: ड्युरोमीटर वरच्या थराचा कडकपणा सांगतो. आतले धागे सुटले असतील तर ६५ येऊनही टायर फुटेल. टायर उतरवा, आतून बॅटरी मारून बघा. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) वाकवा; बारीक भेगा उघडल्या तर ओझोननं रबर खाल्लंय.

रबरवाला: उतरवाच, पण आकडाही घ्या. खिडकीकडच्या बाजूचा वेगळा, सावलीतला वेगळा. नाहीतर सगळं अंदाजपंचे.

कोल्हापुरी_चाकं: आधी ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबरी कप बदला! माझ्या अँबेसिडरचे ऐन घाटात गळले होते.

घाटवळण: भाऊ, त्या घोस्टला हायड्रॉलिक ब्रेक नाहीतच. सगळं दांड्यांवर, तेही फक्त मागच्या चाकांना.

मीनल_क: रिमच्या कडा आत वळलेल्या आहेत का? हे बीडेड एज टायरचं माप. असल्या टायरच्या कडेत पोलादी तार नसते, टायर निव्वळ हवेच्या दाबानं रिममध्ये धरून राहतो. हवा किती आहे?

सांगली_गॅरेज: हो, वळलेल्या आहेत. हवा ३२, मालकांच्या दुसऱ्या गाडीइतकीच.

मीनल_क: दादा, गाडी जागची हलवू नका! याला साठच्या आसपास लागते, टायर बनवणाऱ्यांचा तक्ता बघा. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो आणि वळणावर टायर निघून येतो. पण आधी उतरवून तपासा, मगच हवा भरा. टायरची कड रिमला आवळून धरणारे सिक्युरिटी बोल्ट आहेत ना?

पुणेरी_स्पोक: त्या काळी रबरातल्या झिंक ऑक्साइडमुळे टायर फिकट असायचे, रबर काळं करणारी काजळी नंतर आली. काळे टायर घोस्टला शोभत नाहीत हो.

रबरवाला: रंगाचं नंतर बघू. होज बोटांनी पिळा. आत करकर वाजलं किंवा थर सरकला तर बदला. बाहेरून धड दिसणारा होज आतून सुटतो आणि पाणी अडतं. कुणी पेट्रोल लाइनला साधा रबरी तुकडा जोडला असेल तर तोही काढा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला व्हिटॉनच (पेट्रोलला टिकणारं रबर) घाला.

सांगली_गॅरेज: रिमच्या आतल्या बाजूला फुलपाखरी नट आहेत. तेच का बोल्ट?

मीनल_क: तेच. चारही चाकांना आहेत का बघा, आणि टायर उतरवल्यावर आतून फोटो टाका.