एनिसला पुन्हा चोवीस तास इमर्जन्सी हवी की नको?

शॅननकाठचा
एप्रिल २००९मध्ये इथं आयर्लंडात क्लेअर काउंटीतल्या एनिसची आणि उत्तर टिपररीतल्या नीनाची चोवीस तासांची इमर्जन्सी बंद झाली. सगळं लिमरिक शहरातल्या डूराडॉइलच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. क्लेअर, लिमरिक, उत्तर टिपररी मिळून चार लाखांवर लोक आणि इमर्जन्सी एकच. फेब्रुवारी २०२४मध्ये नर्सेसच्या संघटनेनं मोजलं तर एका दिवशी तिथं १५० पेशंट खाटेविना ट्रॉलीवर.

आरोग्यसेवांवर देखरेख करणाऱ्या 'हिक्वा'नं २०२५च्या अहवालात तीन पर्याय दिलेत: डूराडॉइललाच खाटा वाढवा, जवळपास दुसरा कॅम्पस काढा, नाहीतर इमर्जन्सीसकट नवं हॉस्पिटल बांधा. माझं मत तिसऱ्याला, आणि तेही क्लेअरमध्ये.

एकदा क्लेअरच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किल्कीहून रात्री निघून बघा. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांना घेऊन गेलो होतो. किलरशनंतर काळाकुट्ट रस्ता, त्यात पाऊस. एनिसचे दिवे दिसल्यावर आजोबा कोटाची बटणं लावून उतरायच्या तयारीत बसले. त्यांच्या लेखी हॉस्पिटल म्हणजे एनिस. अजून चाळीसेक किलोमीटर आहे हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

थिएटरवाली
असहमत. बंद का केलं ते धाग्यात नाहीच! कॅन्सरचं निदान चुकल्याच्या प्रकरणांवरून हिक्वानं एनिसची चौकशी केली होती, तो अहवालही २००९चाच. छोट्या ठिकाणी गंभीर पेशंट मोजके येतात, हात बसत नाही. रात्री भूलतज्ज्ञ, सर्जन, स्कॅन, आयसीयू सगळं जागं लागतं. नुसती पाटी लावून इमर्जन्सी होत नाही. हार्ट अटॅकवाल्याला एनिस ओलांडून लिमरिकच्या कॅथलॅबलाच (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात तिथं) न्यायला हवं. मोडलेलं मनगट, टाके यांसाठी एनिसला इंज्युरी युनिट आहेच की.

शॅननकाठचा
अटॅक लिमरिकलाच जावा, त्यावर वाद नाही. पण त्या ट्रॉल्यांवर सगळे अटॅकवाले नसतात हो. न्यूमोनिया झालेली ऐंशीची आजी असते, तिला कॅथलॅब नको, खाट हवी. आणि इंज्युरी युनिट रात्री बंद.

माझा राग केंद्रीकरणावर नाही, क्रमावर आहे. दारं लावली २००९ला आणि डूराडॉइलची ९६ खाटांची नवी इमारत उघडली २०२५ला. जुनं घर पाडून झाल्यावर विटा भाजायला घेतल्या!

रिकामटेकडा कोकणी
आमच्या तालुक्यात 'सिव्हिलला हलवा' ऐकत वाढलो, इथं येऊन 'लिमरिकला पाठवा' ऐकतोय :) तरी माझं मत दुसऱ्या कॅम्पसला. नवं हॉस्पिटल म्हटलं की एनिस, शॅनन की नीना यावर टीडी लोकांची (म्हणजे इथले खासदार) रस्सीखेच, आणि पहिली कुदळ पडेपर्यंत आपली पोरं पेन्शनीत.

थिएटरवाली
जागा मिळेल हो, रात्रपाळी कोण भरणार? आमच्या स्टाफमध्ये मल्याळी, फिलिपिनो आणि मी एकटी मराठी. बहुतेकींची घरं शहरात, पोरांच्या शाळा शहरात. क्लेअरला रोज कोण येणार?

शॅननकाठचा
हायवेनं पाऊण तास. आजाऱ्याला 'एवढं काही लांब नाही' म्हणून सांगता तोच रस्ता आहे, फक्त उलट दिशेनं.