बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा छापून यायचं आहे: जुन्या कथा वाचवाव्यात की नव्याने सुरुवात?

तलावपाळी
२००१ ते २०१३ कथा आणि ललित लेख छापून येत होते, मग पूर्ण बंद. आता पुन्हा सुरू करायचं आहे. राहायला ठाणे, नोकरी वाशीला. प्रश्न असे:
श्रीलिपीत (मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या वीसेक कथा सीडीवर आहेत. नव्या लॅपटॉपवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कशा सोडवायच्या? त्यातल्या छापून आलेल्या कथांचा हक्क कुणाचा? दिवाळी अंकांना कधी पाठवायचं? आणि सुरुवात कथेने करावी की छोट्या लेखाने?
धीर देणारे सल्ले नकोत, कामाचं सांगा.

मुद्रितशोधक_ऐरोली
फाइल्सबद्दल सांगतो. सीडीवरचं सगळं आधी हार्ड डिस्कवर उतरवा आणि एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. खिचडी दिसते म्हणजे फाइल बिघडली असं नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलंत की वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसेल, तो लॅपटॉपवर बसवलेला नसला तरी. ते नाव टिपून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये (आज सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणणारं रूपांतरक सॉफ्टवेअर वापराल तेव्हा तेच नाव निवडा. कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणता मराठी तुकडा, हा तक्ता प्रत्येक फॉन्टघराण्याचा वेगळा असतो. जवळपासचा तक्ता लावला तर बरेच शब्द बरोबर येतात, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण उरलेल्या चुका नजरेतून सुटतात. म्हणून वीस कथा एकदम टाकू नका. एक पान करा, त्यात क्ष, ज्ञ, श्र, द्ध, रु आणि रू नीट उतरलेत का बघा, मग पुढचं.

घोळ हमखास होतो तो ऱ्हस्व वेलांटीत (जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे जोडाक्षर आलं की भलतीकडे जाऊन बसते), रफारात आणि ‘दुसऱ्या’मधल्या र मध्ये. ‘दुसर्या’, ‘तर्हा’ असं दिसेल. इथे ‘सगळे बदला’ हे बटण अजिबात दाबू नका. ‘सूर्या’चा ‘सूऱ्या’ होईल आणि ‘आचार्यांना’ बोलावलेलं आमंत्रण ‘आचाऱ्यांना’ जाईल. एकेक शब्द पाहूनच बदलायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (युनिकोड मराठीची प्रमाण मांडणी) ऱ शिफ्ट-जे वर आहे. ‘ॲ’चं मात्र उलट. युनिकोडमध्ये त्याला २००८मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. जुन्या रूपांतरांत त्याऐवजी ‘ऍ’ निघतो. तो खुशाल एकदम बदला.

सीडीच वाचली जात नसेल तर छापील पान ३०० डीपीआयला स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. दोन कॉलमांचं पान असेल तर कॉलम आधी वेगळे कापा, नाहीतर इकडची ओळ तिकडच्या ओळीला चिकटते. मग घ-ध, भ-म, ष-प, ब-व यांवर डोळ्यात तेल घालून मुद्रितं वाचा. घरी अंकच नसेल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. १८९३पासूनची संस्था आहे, आपल्या ठाण्यातलीच.

हक्क_आणि_मानधन
तुम्ही त्या नियतकालिकाचे पगारी नोकर नव्हता असं धरतो. मग कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे कथेची पहिली मालकी तुमची. एकदा छापून आली म्हणून ती संपादकाची होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तेव्हा मानधनाच्या पावत्या शोधा. ‘सर्व हक्क’ अशी ओळ असते ती बहुतेक पावतीवरच, बारीक टाइपात. अशी सही केलेली नसेल तर संग्रह काढायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ‘पूर्वप्रसिद्धी’ची नोंद मात्र द्या, अंकाचं नाव आणि वर्ष घालून. छापून आलेली कथा नवी म्हणून दुसऱ्या अंकाला पाठवणं हे कायद्यापेक्षा रीतीच्या दृष्टीने वाईट. बहुतेक संपादकांना अप्रकाशित मजकूरच हवा असतो.

दिवाळी अंक: ओळखीच्या लेखकांना संपादकांची पत्रं मे-जूनमध्ये जातात. तुम्ही बारा वर्षं गायब, म्हणजे तुम्हाला पत्र येणार नाही असंच धरून चाला. आपणहून पाठवायचं तर जूनअखेरपर्यंत, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये पानं लागायला लागतात. तेव्हा आलेली चांगली कथाही जागेअभावी परत जाते, आणि परत येते तीसुद्धा नशिबाने. बरेचदा उत्तरच येत नाही. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. सहा आठवड्यांत काही कळलं नाही तर ‘कथा मागे घेत आहे’ असं दोन ओळींत कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. हे न कळवल्याने एकच कथा दोन अंकांत येते आणि दोन्ही दारं बंद होतात.

पाठवण्याआधी त्या अंकाची गेली दोन वर्षं वाचा. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत फेब्रुवारी-मार्चला गर्दी ओसरलेली असते, तेव्हा सगळे अंक हाताला लागतात. मला विचाराल तर यंदा जुन्यातल्या अप्रकाशित दोन कथा दुरुस्त करून पाठवा. तयार माल आहे.

घणसोली_नाका
शेवटच्या वाक्याशी असहमत. जुनी कथा दुरुस्त करणं हे लिहिणं नव्हे, ती डागडुजी आहे. हात मोकळा होत नाही आणि दोन महिने मात्र जातात. फाइल्सचं काम रविवारी ठेवा, ते कारकुनी आहे. रोज नवं लिहा.

पहिला महिना ३५०-४०० शब्दांचे पूर्ण तुकडे. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. खंडानंतर सुरुवाती भराभर सुचतात, अडतो तो शेवट. आणि शेवटाचा सराव फक्त शेवट लिहूनच होतो. ठाणे-वाशी लोकल अर्ध्या तासाची. बसायला मिळालं तर फोनवर दीडशे-दोनशे शब्द होतात. तिथे कच्चा खर्डाच करा. फोनवर चारच ओळी एका वेळी दिसतात, त्यामुळे परिच्छेदाचा तोल कळत नाही, म्हणून काटछाट घरी, मोठ्या पडद्यावर किंवा कागदावर. बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं आणि अवतरणं नंतर हाताने घालावी लागतील. शिवाय बोलताना वाक्यं लांबतात, ती तोडायची.

परतलेल्या लेखकाचा पहिला परिच्छेद जवळजवळ नेहमी ‘बऱ्याच दिवसांनी लेखणी हातात घेतली’ याच धाटणीचा असतो. लिहा आणि काढून टाका. वाचकाला तुमच्या खंडाशी देणंघेणं नाही, त्याने तुमची वाट पाहिलेली नाही.

‘असं-तसं’ लिहायचं की ‘असे-तसे’, हे पहिल्याच दिवशी ठरवा. निवेदनात ‘असे’ आणि संवादात ‘असं’ चालतं, पण एकाच निवेदनात दोन्ही मिसळले की मुद्रितशोधक वैतागतो. शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२मध्ये जोडलेले ४ नियम एकदा वाचून काढा, तासाभराचं काम. अडतं ते समासात: ‘कवी’ पण ‘कविमन’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिवैभव’.

कुठे जाहीर वाचायचं ठरलं तर दहा मिनिटांना साधारण ११०० शब्द धरा. लोक १५०० घेऊन येतात आणि शेवट पळत वाचतात.

तलावपाळी
आभार. एक राहिलं. अप्रकाशित कथांपैकी तीन ठाणे-नवी मुंबईतल्याच, २०१०च्या सुमाराच्या. घटना आजच्या काळात आणाव्यात का?

मुद्रितशोधक_ऐरोली
फोनवर कथा किती टेकलेली आहे ते आधी पाहा. मिस्ड कॉल, न पोचलेला एसएमएस, लँडलाइन उचलायला कुणी नाही, अशावर गाठ बांधलेली असेल तर काळ हलवू नका, गाठच सुटेल. सुरुवातीच्या परिच्छेदात साल कळेल असं काहीतरी घाला, पुरे.

काळ हलवणार असाल तर पैसे आणि प्रवास आधी तपासा, चुका तिथेच राहतात. हजाराची नोट ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्रीपर्यंतच. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून २६ रुपये. ठाण्याहून निघालेली गाडी आता थेट ऐरोलीला लागत नाही, मध्ये दिघा गाव स्टेशन आहे, जानेवारी २०२४पासून. तळोज्याकडे जाणारी बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ची. नायिका बेलापूरहून तळोज्याकडे रिक्षाने तासभर भांडत जात असेल तर वाचक विचारणार, मेट्रोने का नाही गेली?

हक्क_आणि_मानधन
आणि कथेखाली मूळ लेखनाचं साल टाकू नका. संपादकाची नजर आधी तिथे जाते, आणि ‘ही कुठून तरी परत आलेली’ असा समज होतो.