मराठवाड्यातून मालवणला जाऊन आलात? अनुभव टाका

लातूर (धागा सुरू करणारा) :
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जण तुफान गाडी करून मालवणला जाऊन आलो. लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि कसाल. रात्री नऊला निघालो, सकाळी दहा-साडेदहाला पोचलो. मिरज आलं तेव्हा गाडीत फक्त डायव्हर आणि आमचे आबा जागे. आबा म्हणाले, "इथूनच आलती की आपली पाण्याची रेल्वे." २०१६चा उन्हाळा. तेव्हा घागरी मोजून पाणी घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी समुद्रापुढं उभा राहिला आणि पहिलं काय बोलला, तर "एवढं असून पिता येत न्हाई व्हय!"

मालवण जेटीवरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला. दरवाजा असा लपवलेला की होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दिसत नाही. शिवराजेश्वराचं देऊळ बघितलं, तटावरून चाललो. पण आबा अडकले ते विहिरीपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी, चारी बाजूंनी खारा समुद्र. किल्ल्यात अजून राहणाऱ्या घरांपैकी एक मावशी पाणी शेंदत होत्या. आबांनी ओंजळ पुढं केली, प्यायले आणि गप्प बसले. आमच्या रानात बोअरला आठशे फुटांवर नुसता फुफाटा निघालाय.

तुम्ही काय केलं, काय फसलं, ते लिहा. हॉटेलांच्या जाहिराती नकोत.

नांदेड :
मला पोहता येत नाही. गोदावरीच्या घाटावर बसून पाय भिजवणं एवढीच माझी मजल. तरी तारकर्लीत स्कूबा केलं. आधी फॉर्म भरून घेतात, दमा, बीपी, हृदयाचं काही असेल तर खरं सांगा. मग उथळ पाण्यात तोंडानं श्वास घ्यायला शिकवतात. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची, एवढं जमलं की निम्मं काम झालं. सोबतचा पोरगा शेवटपर्यंत आपल्याला धरूनच असतो.

माझं फसलं ते खुणांवरून. खाली गेलो, पट्ट्यापट्ट्यांचे मासे अंगाजवळून जाऊ लागले, मी खूश होऊन अंगठा वर केला. पोरानं मला थेट वर आणलं! पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चला". "मस्त आहे" सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करायचं. हे त्यानं आधी सांगितलं होतं म्हणे. भीतीनं माझ्या कानात काय शिरलं असणार? परत खाली नेलं बिचाऱ्यानं.

परभणी :
आमचं सगळंच फसलं. शाळा उघडायच्या आधी म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. पावसाळ्यात, म्हणजे मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, पॅरासेलिंग बंद. ज्यांनी खोलीचे पैसे आगाऊ घेतले त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. लेकरं जेटीवरून किल्ल्याकडं बघत बसली. रॉक गार्डनला मात्र लाटा अशा फुटत होत्या की कठड्यापासून लांब उभं राहूनही आम्ही चिंब.

बीड :
मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हे लिहितेच. देवबागला ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना मी विचारलं, संध्याकाळी चारला संगमावर जाऊ का? त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "आज षष्ठी. तुम्ही सकाळी दहाक जावा."

हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे चारला गेलो असतो तर भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणून सकाळ. ठोकळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण आम्हाला तंतोतंत लागू पडला. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो, त्यावर आम्ही तासभर हिंडलो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लाटा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं, अष्टमीच्या आसपास समुद्र त्यामानानं मवाळ, त्याला ते भांग म्हणतात. आपण आयुष्यभर चतुर्थी-एकादशी बघतो ती उपासासाठी. घरी आल्यावर पोरांना पाऊणकीचा पाढा शिकवताना हेच उदाहरण दिलं. समुद्र न बघितलेली पोरं, पण पाढा लगेच बसला.

लातूर (धागा सुरू करणारा) :
मॅडम, हे आधी सांगायचं ना! आम्ही संगमावर गेलो तर पट्टा पाण्याखाली.

धाराशिव :
आम्ही माळकरी. सगळे म्हणाले, तिकडं काय खाणार? घरगुती खाणावळीत सकाळी सांगून ठेवलं तर काळ्या वाटाण्याची सांबारी, आंबोळ्या, घावणे, सोलकढी असं सगळं मिळतं. भाकरी तांदळाची. आमच्या सासूबाईंनी दोन दिवस नाक मुरडलं आणि पिशवीतले धपाटे, शेंगदाण्याची चटणी काढली. तिसऱ्या दिवशी सांबारी दोनदा मागून घेतली.

हिंगोली :
एकच सांगतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले होते. आम्हाला एकानं बोटीत कोंबलं, जाकिटं मागितली तर म्हणे "पाच मिनिटांचं तर अंतर." आम्ही उतरलो. पैसे परत मिळाले नाहीत, जाऊ द्या.

पैठण :
आम्ही भोई. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतो. रोहू, कटला, नशीब असलं तर मरळ. त्यामुळं मला पॅरासेलिंगचं काही वाटलं नाही, मी रापण बघायला गेलो. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पंधरा-वीस जण एका दोराला! मी बाजूला उभा होतो, राहवलं नाही, दोराला हात लावला. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी पकड बघितली. "खयसून इलात?" मी म्हटलं, पैठण. त्याला वाटलं मी पैठणीवाला. जाळंवाला आहे म्हटल्यावर त्यानं सरकून मला जागा दिली.

तासभर ओढलं. हाताला खार लागून कातडं सोललं, गोड्या पाण्यात असं होत नाही. वाटे पडले तेव्हा माझ्यापुढंही चार बांगडे ठेवले. मी नको म्हणालो. म्हातारा रागावला, "ओढलंत मां? मग?"

लॉजवर चूल नव्हती. मालकीणबाईंनी तळून दिले.