गेमिंग मॉनिटर की रोजचा साधा मॉनिटर? जाणकारांनी आपले अनुभव लिहा

खोक्यावर 'गेमिंग' किंवा 'ऑफिस' लिहिलेलं असतं, पण आत कुठलं पॅनेल आहे ते त्यावरून कळत नाही. ज्यांच्या हाताखालून दोन्ही प्रकार गेलेत त्यांनी आकड्यांसकट लिहावं. पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही, आणि काय बिघडतं?

*

आधी ग्राफिक्स कार्ड बघा, मॉनिटर नंतर. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं) एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद कमी होतात, तिथून २४० पर्यंत गेलं तर तीनसुद्धा नाहीत. पहिली उडी माउस हलवताक्षणी जाणवते. दुसरीचा फायदा वेगवान नेमबाजीचे ऑनलाइन गेम नेटाने खेळणाऱ्यालाच. कार्ड जेमतेम ६०-७० फ्रेम काढत असेल तर १६५ हर्ट्झचे पैसे त्या गेममध्ये वसूल होत नाहीत. आणि १४४० पी (२५६० × १४४० पिक्सेल) घेतलात तर १०८० पीच्या (१९२० × १०८०) पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल त्याच कार्डाला रंगवावे लागतात, हेही हिशेबात धरा.

*

'१४४ हर्ट्झचा आणला, पण फरकच दिसत नाही' ही तक्रार फार येते. बहुतेकदा मॉनिटर ठीक असतो, जोडणी चुकलेली असते.

विंडोज नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. यादीत १४४ येतच नसेल तर केबल मागून तपासा. कॅबिनेटच्या मागे वरचे उभे पोर्ट मदरबोर्डचे असतात आणि खालचे आडवे ग्राफिक्स कार्डाचे. केबल खालीच हवी. १४४० पी १४४ हर्ट्झ एचडीएमआय २.० वरून जातं, १.४ वरून नाही. जुनी केबल असेल तर सरळ डिस्प्लेपोर्ट वापरा. तरीही अडलं तर मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलेली नाही ना, ते बघा.

एचडीएमआयवर काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसला तर पॅनेलला दोष देऊ नका. ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड' असते, ती 'फुल' केली की रंग जागेवर येतात.

*

'१ मिलिसेकंद' या आकड्यावर कधीच खरेदी ठरवू नका. काही कंपन्या पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ सांगतात, तर काही बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) उघडझाप करून मिळवलेला एमपीआरटी, म्हणजे हलतं चित्र किती वेळ दिसत राहतं तो आकडा. दुसऱ्या प्रकारात पडद्याचा उजेड घटतो आणि बहुतेक मॉनिटरांवर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरने आपला वेग बदलणं) बंद करावं लागतं.

पहिल्या प्रकारचा आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर लावून लवकर बदलायला लावणारी सेटिंग) टोकाला नेऊन मोजलेला असतो. तिथे हलत्या वस्तूमागे उजळ किनार उमटते. मधली पायरी निवडा, मग पांढऱ्या पानावर काळा मजकूर भरभर सरकवून बघा: मागे सावली राहिली तर एक पायरी वर, चकाकी दिसली तर एक खाली.

पॅनेलचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग छान गडद मिळतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास; आयपीएसचा साधारण १०००:१. पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात काळा डाग ओढल्यासारखा फराटा राहतो आणि तो कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही. रात्रीच्या प्रसंगांचे वेगवान गेम असतील तर आयपीएसच घ्या.

*

दिवसभर वाचन, टायपिंग आणि हिशेबाची कामं असतील तर माझं स्पष्ट मत साध्या आयपीएसच्या बाजूने आहे. आता या वर्गातही ७५ किंवा १०० हर्ट्झ मिळतात आणि स्क्रोलिंगला तेवढे पुरतात.

मात्र २७ इंचांवर १०८० पी घेऊ नका. तिथे इंचाला ८२ पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात आणि देवनागरीतली जोडाक्षरं व रफार लहान आकारात गिचमिड होतात. २४ इंचांवर ९२ पडतात, ते चालतं. २७ इंच हवेच असतील तर १४४० पी, म्हणजे १०९.

स्वस्तात खरी काटछाट असते ती दोन ठिकाणी. एक स्टँड: बरेचसे फक्त मागेपुढे झुकतात, उंची बदलत नाही. मागे १०० बाय १०० मिमीची व्हेसा छिद्रं असतील तर नंतर आर्म लावता येतो. दुसरी बॅकलाइट: 'एनटीएससी ४५ टक्के' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) दिसलं तर लाल आणि हिरवा फिके येणार. एसआरजीबीच्या, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या रंगपल्ल्याच्या, जवळ जायला ७२ टक्के लागतात.

*

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक 'आहे' एवढंच वाचून थांबू नका, ते किती ते किती हर्ट्झपर्यंत चालतं तो पल्ला वाचा. ४८ ते ७५ असेल तर फ्रेम ४८ च्या खाली गेल्या की चित्र पुन्हा फाटतं किंवा अडखळतं. ४८ ते १४४ असेल तर त्याच फ्रेम दुप्पट दाखवून पल्ल्यात ठेवता येतात. वरची मर्यादाही ओलांडू देऊ नका. १४४ च्या मॉनिटरवर गेम सेकंदाला १४१ फ्रेमवर बांधा.

*

एचडीआर ४०० (उजेड आणि अंधार यांच्यातला मोठा फरक दाखवण्याचा दर्जा) च्या शिक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नका. लोकल डिमिंग (पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय) नसेल तर सगळा पडदा एकसाथ उजळतो, काळाही.

आणि कुठलाही प्रकार घेतलात तरी पहिल्याच दिवशी लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडदे लावून बिघडलेल्या पिक्सेलचे ठिपके शोधा. मग ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणून मोबाइल कॅमेऱ्याचा शटर १/१००० च्या आसपास ठेवून पडद्याकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतेय. ज्यांचं अशा उजेडात डोकं दुखतं त्यांनी बदलीची मुदत संपायच्या आत मॉनिटर परत करावा.