'सुई अदलाबदल' लिहिलं तर अर्थ उलटा होतोय, दुसरं काही सुचवा

केतकी_ठाणे
स्वित्झर्लंडच्या तुरुंगांवरचा लेख मराठीत करतेय. १९९२ मध्ये ओबरशोनग्र्यूनच्या तुरुंगात डॉक्टरने वरिष्ठांना न विचारताच टोचून नशा करणाऱ्या कैद्यांना निर्जंतुक सुया द्यायला सुरुवात केली. कळल्यावर अधीक्षकाने त्याला हाकललं नाही, उलट त्याचं म्हणणं वरपर्यंत नेलं. १९९४ मध्ये हिंडेलबांकच्या बायकांच्या तुरुंगात तर यंत्रंच लावली. वापरलेली सुई आत टाकायची, नवी बाहेर येते. मी 'सुई अदलाबदल कार्यक्रम' लिहिलं, तर संपादक म्हणाले, कैदी एकमेकांच्या सुया वापरतात तोच का? एचआयव्ही पसरतो तो नेमका त्यानेच!

वऱ्हाडी_गडी
जुनं पितळ मोडीत देऊन नवं भांडं घेतात ना, तसंच हे. 'सुईमोड' म्हणा, झालं.

सदानंद_जोशी
सुई मोडली असं वाटेल. 'सुई-विनिमय' म्हणा. आणि 'कैदी' कशाला? कैद अरबी. आपला कारागृह विभागसुद्धा 'बंदी' लिहितो : न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी.

केतकी_ठाणे
काका, 'कारागृहात बंदी सुया वापरतात' हे एकदा मोठ्याने वाचा.

डॉ_मिरजकर
:-) काही वर्षं क्षयाच्या तपासणीसाठी एका तुरुंगात जायचो. आत 'बंदी' फक्त कागदावर. बोलताना कच्चा कैदी, पक्का कैदी. आणि नशा तुटली की जे होतं त्याला सगळे 'टर्की' म्हणायचे. "साहेब, टर्की लागलीय, झोप नाय." नाक गळतंय, जांभयांवर जांभया, पोटात पीळ, जुलाब. रजिस्टरमध्ये मात्र 'अंगदुखी', आणि हातात पॅरासिटामोलच्या दोन गोळ्या.

सदानंद_जोशी
त्याला 'प्रत्याहार' असा शब्द आहे.

अनुराधा_ना
प्रत्याहार योगाचं पाचवं अंग हो! गर्दुल्ल्याला सांगा, तुला प्रत्याहार लागलाय. खूश होईल.

वऱ्हाडी_गडी
टर्की म्हणजे तुर्कांवरूनच असंल. अफू तिकडून येत होती.

डॉ_मिरजकर
नाही हो, इंग्रजीतल्या 'कोल्ड टर्की'चं, म्हणजे नशा एकदम तोडण्याचं शेपूट. पीस काढलेल्या टर्की पक्ष्यासारखा अंगावर काटा येतो म्हणून, असंही सांगतात. मला ते पटत नाही. शब्दापेक्षा उपचाराचं बघा. तिहारमध्ये २००८ पासून हेरॉइनसारख्या नशेच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात. गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत कर्मचाऱ्यासमोरच थांबायचं. टोचायची गरजच कमी होते. याला मराठीत काय म्हणाल?

सदानंद_जोशी
पर्यायी औषधोपचार.

अनुराधा_ना
हे ऐकून लोक काढा आणतील. केतकीताई, सुयांमधून पसरते त्या काविळीचं काय केलंत? आमच्याकडे हेपटायटिस बी ला 'पांढरी कावीळ' म्हणतात. सी ला?

केतकी_ठाणे
'हेपटायटिस सी'च ठेवलंय. 'कावीळ' लिहिलं की लोक डोळे पिवळे झालेत का बघतात, आणि यात वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. पंजाबात 'काला पीलिया' म्हणतात म्हणे.

डॉ_मिरजकर
बरोबर. आता बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्या पुरतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट आहेत. पण आतल्या माणसाचं आधी रक्त तर तपासायला हवं. त्यात कोर्टाची तारीख, बदली, सुटका. उपचार अर्धवट राहिला की माणूस हरवतो.

सदानंद_जोशी
विषय शब्दांचा आहे, डॉक्टर.

वऱ्हाडी_गडी
मग काका, 'तुरुंग' तरी कुठं आपला? पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला म्हणतात. त्याचा अर्थ खोडा.

सदानंद_जोशी
तो केव्हाच रुळला. त्याची तुलना टर्कीशी नको.

अनुराधा_ना
मग टर्कीला रुळायला किती वर्षं देता?

पेडणेकर_गोंय
आमच्या कोंकणीत 'बंदखण'. कोलवाळची बंदखण. पोर्तुगीज इतकी वर्षं आमच्याकडे होते, आणि त्यांचा शब्द मात्र तुम्ही उचलला :-)

सदानंद_जोशी
'बंदखण'मधला 'खण' म्हणजे घराचा खण की जमिनीत खणलेला?

पेडणेकर_गोंय
आजीला विचारून सांगतो.