'कमी प्रतिष्ठेची' स्पर्धा म्हणजे नेमकी कशी?

शब्दशोधक
टेनिसवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. वर्षभरातल्या व्यावसायिक स्पर्धांपैकी कुठली कुणापेक्षा मोठी मानतात आणि का, असा विषय. मी मथळा दिला होता 'टेनिस स्पर्धांच्या मानाची उतरंड'. संपादकांनी 'मान' काढून सगळीकडे 'प्रतिष्ठा' घातलं. त्यामुळे आता एक वाक्य असं झालंय: 'मास्टर्स १००० स्पर्धा ग्रँड स्लॅमपेक्षा कमी प्रतिष्ठेच्या आहेत.' (ग्रँड स्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विंबल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा; मास्टर्स १००० त्यांच्या खालोखाल.) हे वाचून रोम किंवा इंडियन वेल्सच्या मास्टर्स स्पर्धेत काहीतरी काळंबेरं असावं असं वाटतं! माझ्या कानाला मराठीत प्रतिष्ठा एकतर असते किंवा नसते. 'कमी प्रतिष्ठेचा माणूस' म्हटलं की तो माणूस संपला. मान मात्र कमी-जास्त होऊ शकतो.

दुसरं म्हणजे लेखात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजेत्याला किती गुण, ते संघटना ठरवते: ग्रँड स्लॅमला २०००, मग १०००, ५००, २५०. त्याला मी 'दर्जा' म्हटलं. खेळाडू आणि प्रेक्षक मनात जे धरतात त्याला 'मान'. दोन्हीला 'प्रतिष्ठा' म्हटलं की लेखाचा मुद्दाच जातो. तुम्ही काय वापराल?

नेटजवळ
दर्जा आणि मान वेगळे, याला २०२२चं विंबल्डन हा पुरावा पुरे. आयोजकांनी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना खेळू दिलं नाही, म्हणून एटीपी (पुरुषांची) आणि डब्ल्यूटीए (महिलांची) या दोन्ही संघटनांनी त्या वर्षी गुणच दिले नाहीत. जोकोविच जिंकला आणि त्याला शून्य गुण मिळाले. उलट, क्रमवारीत फक्त वर्षभराचे गुण धरतात म्हणून आदल्या वर्षीच्या विजयाचे २००० वजा झाले आणि विजेता असून तो क्रमवारीत तिसऱ्यावरून सातव्यावर घसरला. महिलांमध्ये जिंकलेल्या रिबाकिनाचं ते पहिलं ग्रँड स्लॅम, तिलाही शून्य. पण त्या दोघांची विजेतेपदं मोजताना कुणी ते वगळतं का? दर्जा काढून घेतला तरी मान जागच्या जागी राहिला.

ऑलिंपिकचंही तेच. २०१६पासून तिथे क्रमवारीचे गुण नाहीत. तरी २०२४मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळाल्यावर जोकोविच कसा रडला ते आठवा.

तेव्हा तुमचं 'मान' बरोबर आहे. संपादकांना हे उदाहरण दाखवा.

मुद्रितवाचक
मी 'मान'च्या विरोधात आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द पार गुळगुळीत करून टाकलाय. कुठलीही स्पर्धा घ्या, बातमीत ती 'मानाची' असतेच. २५० गुणांचीही मानाची आणि विंबल्डनही मानाचं! ज्या शब्दाने दोन गोष्टींत फरक दाखवायचा, तोच सगळ्यांना सरसकट लावला असेल तर त्याचा उपयोग काय?

'प्रतिष्ठा' हा शब्द नीट पाहिला तर जास्त नेमका आहे. प्रति + स्था, घट्ट उभं असणं. मूर्तीची प्रतिष्ठापना होते तशी. विंबल्डन १८७७पासून उभं आहे, यातच त्याची प्रतिष्ठा आली. काळाने दिलेली गोष्ट आहे ती, गुणांनी दिलेली नाही.

पैलतीर
व्युत्पत्तीवर वापर ठरत नाही हो. नाहीतर इंग्रजीतल्या 'प्रेस्टीज'चं मूळ लॅटिनमध्ये नजरबंदी, हातचलाखी असं आहे. म्हणून विंबल्डनला नजरबंदी म्हणायचं का?

आणि काळावरच सगळं ठरत असेल तर ऑस्ट्रेलियन ओपनचं काय कराल? ती स्पर्धा १९०५पासून आहे. पण सत्तरच्या दशकात मोठे खेळाडू तिकडे फिरकत नव्हते. बोर्ग अख्ख्या कारकिर्दीत एकदाच गेला, १९७४मध्ये. १९७७च्या अखेरीपासून १९८५पर्यंत ती साधारण डिसेंबरात व्हायची. मग तारखा जानेवारीत नेल्या, त्या गडबडीत १९८६ला स्पर्धाच झाली नाही. १९८८ला मेलबर्नमध्ये नव्या जागी, हार्ड कोर्टवर आली आणि तिथून तिचं वजन वाढत गेलं. तरी आगासीसारखा खेळाडू पहिल्यांदा तिथे उतरला तो १९९५मध्ये (आणि जिंकूनच परतला). म्हणजे ग्रँड स्लॅमचा दर्जा होता, वय होतं, पण मान नव्हता. तो नंतर मिळवावा लागला.

मी तर 'वजन' हाच शब्द सुचवेन. वजन कमी-जास्त होतं, आणि कमी वजनाचं म्हणजे वाईट असं होत नाही.

उजळणी
शब्दशोधक ताई, 'मान' सोडू नका, पण कारण वेगळं देते. संस्कृतात 'मान' दोन धातूंवरून येतो. एक मन्, त्यावरून आदर. दुसरा मा, म्हणजे मोजणे. तापमान, परिमाण, वेतनमान हे सगळे मोजणारे. तुमच्या लेखाला नेमक्या या दोन्ही गोष्टी हव्या आहेत! आदरही आणि मोजमापही. टेनिसमधला आपला सगळ्यात नेहमीचा शब्दच बघा: मानांकन. माझ्या मते त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आलेत.

मुद्रितवाचक
मानांकनाचं नाव काढलंत म्हणून सांगतो, बातम्यांमध्ये या शब्दाचीही रोज कत्तल चालते. 'जागतिक मानांकनात ४०वा' असं लिहितात. ती क्रमवारी! मानांकन म्हणजे स्पर्धेआधी अव्वल खेळाडूंना दिलेले क्रमांक, तेही त्या-त्या स्पर्धेपुरते. ग्रँड स्लॅममध्ये ३२ जणांना मिळतं, म्हणजे ४०वा खेळाडू तिथे सहसा बिगरमानांकितच असणार. जगातला ४०वा माणूस 'बिगरमानांकित' असतो, यात 'मान'चा अर्थ आदर कसा लावायचा ते मला समजत नाही.

शब्दशोधक
म्हणूनच मी मानांकनापासून लांब राहिले. पण 'उतरंड'बद्दल कुणीच बोललं नाही. संपादकांनी तिला हात लावला नाही, मलाच आता शंका येतेय.

पैलतीर
शंका रास्त आहे. उतरंडीत सगळ्यात मोठं मडकं तळाला असतं आणि वर लहान-लहान होत जातात. तुमच्या मथळ्यात विंबल्डन तळाशी गेलं!

नेटजवळ
उतरंडीत एकावर एक एकच मडकं असतं, हेही लक्षात घ्या. टेनिस तसं नाही. वर चार ग्रँड स्लॅम, त्याखाली पुरुषांच्या नऊ मास्टर्स, खाली ५०० आणि २५०वाल्या, त्याखाली चॅलेंजर, आणि अगदी तळाला १५ आणि २५ गुणांच्या स्पर्धा, जिथून बहुतेकांना सुरुवात करावी लागते. खाली जावं तशी संख्या वाढते. हा मनोरा आहे. नाहीतर सरळ 'प्रतवारी' म्हणा. 'क्रमवारी' खेळाडूंची, 'प्रतवारी' स्पर्धांची. जोडी छान जमते.

उजळणी
प्रतवारी बाजारातल्या मालाची असते. मॉन्टे कार्लोची प्रतवारी करायची? ती १८९७पासूनची स्पर्धा, आणि नऊ मास्टर्समधली एकटीच अशी की जिथे खेळणं बंधनकारक नाही. तरीही नादाल तिथे अकरा वेळा जिंकला. सक्ती नसताना येतात, याला मान म्हणायचं नाही तर कशाला?

उतरंड राहू दे. आज 'उतरंड' वाचून कुणाला मडकी दिसतात? उच्चनीचतेचा क्रम हाच अर्थ डोक्यात येतो.

पैलतीर
तेच तर खटकतं. त्या शब्दाला जातिव्यवस्थेच्या चर्चेतून आलेला एक अर्थ चिकटलाय. उतरंड म्हटली की अन्याय आला. खेळात जो खालून वर जातो तो जिंकून जातो.

मुद्रितवाचक
मुळात एकेका स्पर्धेला 'ग्रँड स्लॅम' म्हणणं चूक आहे, त्यावर कुणी बोलेल का? शब्द ब्रिजमधला. तेराच्या तेरा हात केले की ग्रँड स्लॅम. १९३३मध्ये जॅक क्रॉफर्ड तीन मोठ्या स्पर्धा जिंकून अमेरिकेत अंतिम फेरीत गेला, तेव्हा अमेरिकी पत्रकारांनी तो टेनिसला लावला. क्रॉफर्ड पेरीकडून हरला, ते राहिलंच. पहिला खरा ग्रँड स्लॅम १९३८चा, डॉन बजचा. मग १९५३ला मॉरीन कॉनली, लेव्हर दोनदा, १९६२ आणि १९६९, १९७०ला मार्गारेट कोर्ट, १९८८ला स्टेफी ग्राफ. एकेरीत बस्स, पाचच जण. 'जोकोविचचं २४वं ग्रँड स्लॅम' हे वाक्य या हिशेबाने निरर्थक आहे. एका वर्षातले चारही त्याने एकदाही जिंकलेले नाहीत, २०२१ला शेवटच्या सामन्यात मेदवेदेवकडून हरला.

नेटजवळ
हिशेब बरोबर, पण ती गाडी केव्हाच सुटली. हा मोजण्याचा नाद तरी कुठे जुना आहे? ऑस्ट्रेलियाच्या एमर्सनच्या नावावर १९६७पासून १२ विजेतेपदं होती, तेव्हा कोण मोजत बसलं होतं! २०००च्या विंबल्डनला सॅम्प्रसने तेरावं घेतलं तेव्हा त्या आकड्याचा गाजावाजा झाला. आता लोक मोजतात ते एकेक स्पर्धा, म्हणून शब्दही एकेका स्पर्धेला लागणार.

उजळणी
चारही जिंकण्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: कोट! मेंढीकोटात चारही दश्श्या एका बाजूला आल्या की कोट. चार दश्श्या, चार स्पर्धा. पत्त्यांतलाच शब्द हवा तर आपला का नको? 'ग्राफने १९८८मध्ये कोट केला.'

मुद्रितवाचक
मला आवडला. गंभीरपणे सांगतो.

शब्दशोधक
मलाही, पण कोट छापायला संपादक तयार होणार नाहीत! उद्या लेख द्यायचाय. सध्या 'दर्जा' आणि 'मान' वेगळे ठेवून 'प्रतिष्ठा' एकदाच, विंबल्डनपुरती ठेवते. मथळ्याचं ठरत नाही. आणि आता मुद्रितवाचकांचं वाचताना दिसलं, तुम्ही 'खरा ग्रँड स्लॅम' लिहिलंत आणि पुढे '२४वं ग्रँड स्लॅम'. लिंग कुठलं?

मुद्रितवाचक
चार मिळून होतो तो पराक्रम, म्हणून पुल्लिंगी. एकेक स्पर्धेचं ते विजेतेपद, म्हणून नपुंसक. मी जाणूनबुजून लिहिलं.

पैलतीर
मग 'विंबल्डन जिंकलं' आणि 'ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली' असं का? दोन्ही स्पर्धाच.

नेटजवळ
विंबल्डन हे गावाचं नाव, गाव नपुंसक. 'ओपन'मागे 'स्पर्धा' दडलेली आहे, म्हणून स्त्रीलिंगी. मी तर लहानपणापासून 'यूएस ओपन जिंकली' हेच ऐकत आलोय.

उजळणी
आणि रोलाँ गॅरोस, म्हणजे फ्रेंच ओपन? तो तर वैमानिक, त्याचं नाव स्टेडियमला, स्टेडियमचं स्पर्धेला. नादालने रोलाँ गॅरोस चौदा वेळा जिंकला, जिंकली की जिंकलं?