पेव्हर ब्लॉक, व्हिडिओ आणि गुरुवारची प्रार्थना (मिरज, सोसायटीतल्या ख्रिस्ती कुटुंबांचा ग्रुप)

शांतवन काका (ए-३): जय ख्रिस्त. रविवारी ऐन उपासनेच्या वेळी प्रचाराचा व्हिडिओ इथे टाकणारे आणि त्याखाली "विकले गेलेले" लिहिणारे, दोघांसाठी लिहितोय. प्रभुभोजनाला एका बाकावर बसणारी माणसं. आता एक मागच्या दाराने निघून जातो. गुरुवारची प्रार्थना कुणाकडे, तेही ठरेना.

डॅनियल (सी-१): काका, नाव घ्या की. व्हिडिओ मीच टाकला, सगळ्यांना माहितीये.

सुवार्ताताई (बी-२): काका, राग नको. पण मत्तय १८:१५ बघा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने, एकांतात बोलायचं. १६ मध्ये एक-दोघं सोबत. मंडळी येते १७ मध्ये. तुम्ही सुरुवातच १७ पासून केलीत.

रत्नाकर (ए-१): गेटसमोरची ट्रॉली कुणाची आहे? स्कूटर निघत नाही.

सुधीर मामा (सी-४): मी जे लिहिलं ते पेव्हर ब्लॉकबद्दल होतं. ज्याला लागलं त्याला लागलं.

सुवार्ताताई: मत्तय १८:१५ 🙏

डॅनियल: पेव्हर ब्लॉक मी मागितले नव्हते मामा. उमेदवार स्वतः म्हणाले, चर्चच्या हॉलपुढे टाकून देतो.

अनिलभाऊ, चर्चचे पंच (बी-१): बदल्यात हॉलमध्ये दहा मिनिटं बोलू द्या म्हणतात. आपलं काय जातंय?

एलिया सर (बी-५): जातं अनिलभाऊ. १९८८ चा धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा कायदा आहे. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो, आवार पक्षाच्या कामाला देता येत नाही. दिलं तर व्यवस्था बघणाऱ्यांवर येतं, म्हणजे पंचांवर. आणि त्यात सामील असलेल्या बाकीच्यांवरही.

अनिलभाऊ: मग गेल्या वेळी दुसऱ्या पक्षाचे आले तेव्हा कुठे होता हा कायदा?

ग्रेस मामी (सी-४): तेव्हा भडंग वाटलं होतं त्यांनी, म्हणून कुणाला आठवला नाही 😄

एलिया सर: तेव्हाही चूकच होतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ६ ऑक्टोबर १७७४ च्या रोजनिशीत मतदारांना तीन गोष्टी सांगितल्याची नोंद आहे. काही न घेता, योग्य वाटेल त्याला मत द्या. ज्याच्या विरुद्ध मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका. आणि पलीकडे मत देणाऱ्यांविषयी मन तीक्ष्ण होऊ देऊ नका. पहिलीत पेव्हर ब्लॉक बसतात, तिसरीत "विकले गेलेले".

डॅनियल: दुसरीत व्हिडिओ बसतो म्हणा ना सरळ.

एलिया सर: बसतो. जकातनाक्यावरचा मत्तय आणि जिलोत, म्हणजे कडवा देशाभिमानी, म्हटलेला शिमोन येशूच्या बारा शिष्यांच्या एकाच यादीत आहेत, लूक ६:१५.

डॅनियल: मत्तयाने नाका सोडला होता सर.

एलिया सर: मान्य. पण शिमोनाने त्याला विकला गेलेला म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

सुधीर मामा: आता सर पण टोमणे मारणार. नमस्कार.

(सुधीर मामा यांनी ग्रुप सोडला)

शांतवन काका: अॅडमिन, परत घ्या त्यांना.

सुवार्ताताई: नका घेऊ! लगेच जोडलं की माणूस आणखी चिडतो. मत्तय १८:१५.

रत्नाकर: ताई, वचन पाठ झालं. ट्रॉली?

एलिया सर: ताईंचं बरोबर आहे, पण अर्धं. १८:१५ दुखावलेल्याला उठवतं, ५:२३-२४ दुखावणाऱ्याला. वेदीपाशी दान ठेवून आधी समेट. दोघंही निघाले तर जिन्यातच गाठ पडेल. डॅनियल, तू जा. निरोप्या नको, फोन नको, व्हिडिओ खरा की खोटा हे पहिल्या भेटीत काढू नकोस. "तो शब्द लागला" एवढंच बोल, मग त्यांचं ऐक. मत बदलायला कुणी सांगत नाही. जमलं नाही तर दोघं जण सोबत ने, पण दोघंही तुझ्याच पक्षाचे नकोत. तिथेच बिघडतं.

शांतवन काका: आणि गुरुवारी?

सुवार्ताताई: गुरुवारी १ तीमथ्य २:१-२ धरा, सगळ्या माणसांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना. आयुक्त, कलेक्टर, मतदान केंद्रावरचे कर्मचारी, निवडून येणारे, पडणारे. "अमक्याला विजयी कर" म्हटलं की अर्धी खोली आमेन म्हणत नाही.

अनिलभाऊ: ठीक. पेव्हर ब्लॉकला नाही कळवतो. मग वर्गणीतून करू. घरटी किती, बोला.

ग्रेस मामी: आधी पत्र्याची मागची वर्गणी कुणाकुणाची राहिलीय ते बोला अनिलभाऊ. यादी माझ्याकडे आहे.

डॅनियल: मामी, मामा घरी आहेत का?

ग्रेस मामी: आहेत. ये. आणि यादीत तुझंही नाव आहे.